गडग्यापलीकडे गेलेला छर्रा

ती घटना विसरायचा मी कधी प्रयत्न केला नाही, आणि केला असता तरी ते जमलं नसतं. नोकरीतले बहुतेक गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला खून कुठल्या गावचा हे बायकोला विचारावं लागतं, कारण त्या दिवशी मी जेवायला आलो नव्हतो हे तिच्या बरोबर लक्षात असतं. पण रत्नागिरीतलं दोन भावांचं हे प्रकरण जसंच्या तसं आठवतं. वर्तमानपत्रात ते चार ओळींत आटोपलं होतं. नावं मी लिहिणार नाही. थोरला आणि धाकटा म्हणतो. गाव गणपतीपुळ्याच्या वाटेवरचं, एवढं पुरे.

फेब्रुवारी संपत आला होता. आंब्याला कैरी धरली होती, म्हणजे आमच्याकडे माकडांच्या आणि बांधाच्या तक्रारींचा हंगाम सुरू झाला होता. मी त्या ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एका मंत्र्याच्या दौऱ्याचा बंदोबस्त उरकून सकाळी खुर्चीत टेकलो होतो आणि बूट काढावेत का असा विचार करत होतो, तोच ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, सिव्हिलमधून फोन आहे. डोळ्यात गोळी लागलेला माणूस आणलाय. भावानंच मारली म्हणतात."

बूट पायात तसेच राहिले.

रुग्णालयात धाकटा खाटेवर पडून होता. चाळिशी ओलांडलेला, उन्हात रापलेला बागायतदार. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी होती. जबाब घ्यायला हरकत नाही असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं आणि मी स्वतः त्याची फिर्याद घेतली. दोघा भावांच्या बागा लागून होत्या आणि मधे गडगा होता, म्हणजे चिऱ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेली बांधावरची भिंत. वडील गेल्यावर वाटणी झाली आणि गडगा कोणाच्या हद्दीत, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. काही दिवसांपूर्वी थोरला चार लोकांत म्हणाला होता, "परत गडग्याला हात लावलास तर बघ." आज सकाळी धाकटा आपल्या बाजूने गडग्याशी उभा राहिला आणि पलीकडून थोरल्याने छऱ्याची बंदूक झाडली.

"नेम धरून मारली असं तुमचं म्हणणं आहे?" मी विचारलं.

"साहेब, त्याचा नेम साऱ्या गावाला म्हाईत हाय. तो चुकत नाय. छर्रा माझ्या डोळ्यात बसला म्हंजे त्याला तो डोळ्यातच मारायचा व्हता."

एवढं बोलून त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. डोळा वाचणार नाही हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. ते त्याने ऐकून घेतलं होतं. पण हे शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज फुटला.

सगळं प्रकरण याच एका प्रश्नावर उभं होतं. थोरल्याने नेम धरून मारलं असेल तर तो खुनाचा प्रयत्न, त्यात तडजोड नाही आणि शिक्षा लांबलचक. चुकून लागलं असेल तर निष्काळजीपणाने झालेली गंभीर दुखापत. कलमांचे आकडे आता बदललेत, म्हणून ते लिहीत बसत नाही.

हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन मी बागेत गेलो. थोरला घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बाकावर बसला होता, बंदूक समोर स्टुलावर ठेवलेली. पळून गेलेला नव्हता, लपवाछपवी नव्हती. साठीकडे झुकलेला, अंगाने सडपातळ, जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून उमेदीची वर्षं घालवून घरी परतलेला माणूस. बंदूक साधी होती. मधोमध नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, छर्रा भरायचा. नळी मोडताना आतली स्प्रिंग दबते, आणि चाप ओढला की ती दट्ट्याला पुढे ढकलते. दट्ट्याने दाबलेल्या हवेवर छर्रा सुटतो. बागायतीत अशा बंदुका पुष्कळ. माकडांना इजा करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून लोक पत्र्यावर छर्रे मारून आवाजाने त्यांना हाकलतात.

थोरल्याची गोष्ट मात्र वेगळी होती. तो रोज सकाळी नेमबाजी करी. गडग्याच्या अलीकडे एक जाड फळी उभी केलेली, तिच्यावर खिळ्याला नारळाची करवंटी टांगलेली. करवंटी काढून मी फळी पाहिली. छऱ्यांचे सगळे घाव एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील एवढ्या जागेत होते. बाकी फळी कोरी. करवंटीपासून गडग्याचा वरचा चिरा जेमतेम वीतभर उंच होता. गाव म्हणत होतं ते खरंच होतं. हा माणूस चुकत नव्हता.

जप्तीच्या वेळी मी बंदुकीची नळी मोडून आत पाहिलं आणि वास घेतला. करपलेल्या खोबरेलाचा वास आला. दोन्ही पंचांनाही वास घ्यायला लावला आणि पंचनाम्यात तसं लिहून घेतलं. त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला नव्हता. पंचनाम्यात जे दिसतं, जे ऐकू येतं आणि जे नाकाला लागतं ते लिहायचं, अर्थ नंतर लावायचा, एवढी एक सवय मला वरिष्ठांनी लावली होती. मग बंदूक कापडात गुंडाळून, लाखेचं सील मारून मुद्देमालात जमा केली.

"चुकून लागला का?" मी थोरल्याला पंचांसमोर विचारलं.

"बंदूक माझी. छर्रा माझा. मारला मीच," तो म्हणाला.

"ते कळलं. चुकून लागला का?"

"माझा नेम चुकत नाय, साहेब."

यानंतर आणखी काय पाहिजे? मी त्याला अटक केली. हवालदार जीपमध्ये माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, असा आरोपी मिळाला तर आपलं कामच संपलं." मलाही ते संपलेलं हवं होतं. पण पोलिसाला सगळं आयतं मिळालं की त्याची झोप उडते, तसं माझं झालं.

त्यातच दोन गोष्टी पुढे आल्या. पलीकडच्या बागेत पाणी घालणाऱ्या बाईने जबाबात सांगितलं की, "नेहमीचा टप असा आवाज नाय झाला. ठो करून झाला, नि बंदुकीतनं धूर निघाला." आणि क्ष-किरणाचं चित्र दाखवत डॉक्टर म्हणाले, छर्रा आहे हे नक्की, पण छऱ्याच्या बंदुकीच्या मानाने तो फार आत गेलाय. त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. नाव सांगणार नाही म्हणाला, पण टीप पक्की होती: "थोरल्याकडं दारू भरायची ठासणीची बंदूक हाय. गोठ्यात पुरून ठेवलीय. छऱ्याची दाखवायला हाय नुसती."

टीप देणारा पोलिसांना मदत करावी म्हणून फोन करतो असं फार कमी वेळा घडतं. पण आवाज, धूर आणि जखम तिन्ही गोष्टी टिपेशी जुळत होत्या. आम्ही गोठा खणला, पेंढा उपसला, विहिरीत गळ टाकला, माळ्यावरच्या कौलांपर्यंत हात घातला. हाती लागली एक मोडकी किसणी आणि सापाची कात. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, पडवीत उभी राहून हे सगळं बघत होती. पदर सारखा तोंडाशी नेत होती. घरात शस्त्र लपवलेली बाई शोधणाऱ्याच्या हातांकडे बघते. ही माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ते मनात ठेवलं.

कोठडीत थोरल्याची चौकशी सुरू केली. भावाबद्दल विचारलं की तो जमिनीकडे बघत बसे. मारहाण मी कधी केली नाही. तत्त्वाचा भाग होताच, शिवाय मार खाऊन माणूस तुम्हाला हवं ते बोलतो आणि ते पुढे कोर्टात टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मी चहा मागवला आणि भावाचा विषय सोडून दिला.

"आमच्या हातात आयुष्यभर सरकारी रायफल होती," मी म्हणालो. "दस्ता खांद्यात गच्च दाबायचा, हलू द्यायचा नाही, असं आम्हाला शिकवलं. तुम्ही कशी धरता?"

तो पहिल्यांदा वर बघून बोलला. "गच्च धरलीत की ही चुकलीच, साहेब. हिची स्प्रिंग सुटते तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. बंदूक आधी मागं येते, मग दट्ट्या पुढं आपटला की पुढं जाते. तेवढ्यात छर्रा भायेर पडतो. तुम्ही दाबून धरलीत तर ती भलत्याच दिशेला उसळते. ही नुसती तळहातावर ठेवायची. जशी हलायची तशी हलू द्यायची. फक्त रोज सारखी हलली पायजे."

"आणि दगडावर टेकवून मारली तर?"

"दगडावरनं ती उडते. हात मऊ असतो, दगड मऊ नसतो."

मग तो थांबेना. नळीच्या जोडाचे नि दस्त्याचे स्क्रू रोज तपासावे लागतात, एक सैल झाला की सगळं बिघडतं. दट्ट्याचा चामड्याचा वॉशर त्याने स्वतः कापून बसवला होता. स्प्रिंगची टोकं घासून सपाट केली होती, कारण वाकडी बसलेली स्प्रिंग सुटताना पिळते. एकाच डब्यातले छर्रेसुद्धा तो बोटांत फिरवून निवडी, दबलेला बाजूला टाकी. चाप ओढल्यावरही डोळा निशाण्यावरून काढायचा नाही, छर्रा लागल्याचा आवाज येईपर्यंत तसंच राहायचं. हे सांगताना कोठडीतल्या त्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं घटकाभर उतरल्यासारखं वाटलं. मलाही बरं वाटलं. चौकशीत असं फार क्वचित होतं.

"आणि तेल?" मी सहज विचारलं. "खारी हवा आहे आपल्याकडे, गंज धरत असेल."

तो एकदम गप्प झाला. चहाचा कप त्याने खाली ठेवला आणि परत जमिनीकडे बघायला लागला.

ज्या माणसाने एकेका स्क्रूची कुळकथा सांगितली, तो तेलावर येऊन अडला. करपलेल्या खोबरेलाचा वास माझ्या नाकात परत आला. चोराला चोरीच्या मालाबद्दल विचारलं की तो जास्त बोलतो, असा माझा अनुभव आहे. गप्प बसतो तो माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याला झाकत असतो.

महिला शिपाई बरोबर घेऊन मी परत त्याच्या घरी गेलो. वहिनी चुलीपाशी होती. मी सरळ विचारलं, "बंदुकीत तेल तुम्ही घातलं का?"

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "मी कशाला घालू? त्या बंदुकीला मी हात लावीत नाय. पन साहेब, ह्यांना सांगू नका मी बोलले म्हनून."

मग तिने सगळं सांगितलं. घटनेच्या आदल्या दिवशी थोरला एका नातेवाइकाच्या बाराव्याला देवरुखला गेला होता. माकडांचा कळप धाकट्याच्या आंब्याच्या कलमांवर उतरला. धाकट्याने गडग्यावरून हाक मारली, "वयनी, दादाची बंदूक द्या जरा." भावाभावांचं बोलणं बंद असलं तरी दीर-भावजयीचं चालू होतं, नवऱ्याच्या पाठीमागे. तिने दिली. संध्याकाळी धाकट्याने बंदूक स्वच्छ पुसून परत आणून दिली आणि म्हणाला, "तेलपाणी केलंय, दादाला कळायचं नाय." तिने ती जागेवर ठेवली. नवरा रात्री थकून आला आणि झोपला. तिने त्याला काही सांगितलं नाही. सकाळी त्याने नेहमीप्रमाणे फळीवर करवंटी टांगली.

"मग तो आवाज झाला," ती म्हणाली. "ह्यांनी येऊन मला एवढंच विचारलं, बंदूक कोनाला दिली व्हतीस? मी भावोजींचं नाव घेतलं. तसे हे खाली बसले नि म्हनाले, ह्यातलं कोनाजवळ बोलायचं नाय."

ठाण्यात येऊन मी थोरल्याला समोर बसवलं आणि मला जे कळलं ते सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, जहाजाचं इंजिन कशावर चालतं? दट्ट्यानं हवा दाबली की ती तापते, नि त्यात तेल सोडलं की पेटतं. ठिणगी लागत नाय. ह्या बंदुकीतबी दट्ट्याच हाय. म्हनून मी तिच्या आत तेलाचा थेंब जाऊ देत नाय. आवाज झाला तेव्हाच मला कळलं, आत तेल पेटलं. छर्रा दुप्पट जोरानं सुटला, म्हनून वर गेला. करवंटीवरनं, फळीवरनं, गडग्यावरनं. नि हा नेमका तेव्हा उभा राह्यला."

"मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलंय तुम्हाला."

"सांगून काय करू? त्याचा डोळा त्याच्याच तेलानं गेला, हे त्याला जन्मभर घेऊन बसायला लावू?" तो म्हणाला. "माझं काय, माझं वय झालंय. त्याला नका सांगू, साहेब. मी कोर्टात कबूल व्हतो."

मी इतक्या आरोपींच्या विनवण्या ऐकल्या आहेत. सोडा म्हणणारे सगळे. आत टाका म्हणणारा हाच. त्याचं ऐकावं असं एक क्षण वाटलंही, खोटं कशाला बोलू? पण तपास अर्धा ठेवता येत नाही. आणि दुसरं म्हणजे, रुग्णालयातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. तो जे मानून बसला होता, त्यापेक्षा वाईट काही त्याला कळण्यासारखं नव्हतं, असं मला वाटलं.

धाकट्याला तोवर शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूरला हलवलं होतं. आंबा घाट चढून मी पुरवणी जबाब घ्यायला गेलो. घाटात कंबर धरली, आणि आपण या वयात हे का करतोय असा प्रश्न पडला. छर्रा काढला होता, डोळाही काढावा लागला होता. तो उशाला टेकून बसला होता.

"आदल्या दिवशी बंदूक तुम्ही नेली होती?" मी विचारलं.

तो दचकला. "वयनीनं सांगितलं? तिला काय करू नका साहेब. नेली व्हती."

"परत देताना तेल घातलंत?"

"घातलं. आमच्या बाबांची शिस्त व्हती. दुसऱ्याचा कोयता आनलात तर परत देताना धार लावून, तेल लावून द्यायचा. कोरडी वस्तू परत करायची नाय." मग म्हणाला, "बोलत नसलो तरी वस्तू त्याची व्हती ना."

"तेल कुठे घातलंत?"

"नळी मोडली की मागं बारीक भोक दिसतं, त्यात. चांगलं चमचाभर खोबरेल. आत गंज धरू नये म्हनून."

"आणि सकाळी गडग्याशी का उभे राहिलात?"

यावर तो ओशाळला. "नळी मोडल्याचा आवाज आला. म्हटलं, माझ्या हातनं काय बिघडली तर नाय ना, बघावं. बारका असताना मी त्याचे छर्रे गोळा करून द्यायचो."

मग मी त्याला सांगितलं. हवा दाबली की तापते, तेल पेटतं, छर्रा जोरात सुटतो आणि वर जातो. जेवढं थोरल्याकडून कळलं होतं तेवढं सगळं, सावकाश. सांगताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतो, शिपाई लिहून घेत होता त्या कागदाकडे बघत होतो. मला वाटत होतं तो ओरडेल, किंवा रडेल, किंवा खोटं आहे म्हणेल.

"म्हंजे त्याचा नेम करवंटीवर व्हता," तो म्हणाला.

"करवंटीवर."

"माझ्यावर नव्हता."

"नव्हता."

शिपायाचं पेन थांबलं. मग तो म्हणाला, "साहेब, परत एकदा सांगा."

मी परत सांगितलं. त्याने उरलेला डोळा मिटून घेतला आणि बराच वेळ उघडला नाही. उघडला तेव्हा त्याने विचारलं, "दादा जेवतोय का कोठडीत?"

मी म्हणालो, जेवतोय. खरं तर तो धड जेवत नव्हता.

पुढचं सगळं कागदावरचं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम आम्ही काढलं, निष्काळजीपणाचं लावलं. निष्काळजीपणा होताच. गडग्यापलीकडे माणसं वावरतात हे माहीत असताना वीतभराच्या भरवशावर कोणी नेमबाजी करू नये. प्रयोगशाळेचा अहवाल त्यांच्या सवडीने आला, बंदुकीत जळालेल्या तेलाचे अंश सापडल्याचं त्यात होतं. पुढे कोर्टाच्या परवानगीने दोघांची तडजोड झाली. टीप देणारा कोण हे शोधायला मला वेळ मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर अंगात त्राणही नव्हतं. गडग्याचा वाद मिटला की नाही तेही कळलं नाही, कारण तोवर माझी बदली झाली होती.

फिर्यादीला समोरच्याची शिक्षा हवी असते, असं आम्ही पोलीस धरून चालतो. अनोळखी माणसाने मारलं असेल तर तसं असतंही. पण आपल्याच माणसाच्या हातून घाव बसलेली कितीतरी माणसं माझ्या टेबलासमोर बसून गेली. पोटच्या मुलाने लुबाडलेली म्हातारी, नवऱ्याने जाळलेली बाई, भागीदाराने बुडवलेला मित्र. जबाब लिहून झाला तरी ती उठायची नाहीत. त्यांना एकच विचारायचं असायचं, की साहेब, हे त्याने मुद्दाम केलं का हो? मी कागद आवरायला घ्यायचो, कारण बहुतेक वेळा उत्तर 'हो' असंच असायचं आणि ते सांगण्याइतकी ताकद माझ्यात उरलेली नसायची. एवढ्या नोकरीत एका माणसाला मला 'नाही' म्हणता आलं. त्याचा डोळा गेलेला होता, आणि तरी त्याने ते माझ्याकडून दुसऱ्यांदा म्हणवून घेतलं.